एका हिशेबाच्या दोन वह्या

वडील जमाखर्च लिहीत. लाल कापडी बांधणीची वही, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. १९७४ साली गिरगावातल्या चाळीतली खोली काकांच्या कुटुंबाला सोडून आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो. त्या महिन्याचं पान मी जपून ठेवलंय. त्यात ‘घरभाडे’ आणि ‘रेल्वे पास’ या नोंदी एकाखाली एक आहेत, दोन्हींना मिळून एक महिरप काढलेली आहे आणि महिरपीपुढे एकच बेरीज. त्याआधीच्या महिन्यांत पासाची नोंद नाहीच. गिरगावातून फोर्टातल्या कचेरीत वडील चालत जात. पुढे निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला ती महिरप येत राहिली. अर्थशास्त्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण लांब गेलं की घर परवडतं, आणि लांब गेल्याचे पैसे नि तास वेगळे मोजावे लागतात, एवढं त्यांना कळत होतं.

या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा ती महिरपच आठवली. मुंबईत घरांवरून आणि रस्त्यांवरून गेली सव्वाशे वर्षं जे वाद चालले आहेत, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी ती कुणीतरी पुसून टाकल्याची गोष्ट आहे. झोपड्यांचं पुनर्वसन एका प्राधिकरणाकडे, जुन्या चाळी म्हाडाकडे, रस्ते महापालिकेकडे, मोठे पूल आणि मेट्रो आणखी दोन-तीन संस्थांकडे, लोकल थेट दिल्लीकडे. प्रत्येकाची वही निराळी आणि प्रत्येक वहीत ताळेबंद जुळलेला. तुटीचा आकडा फक्त माणसाच्या खिशात आणि अंगावर दिसतो. पुढच्या पानांवर ज्यांनी लिहिलं आहे त्यांचं आपसात एकमत नाही, हे आधीच सांगून टाकतो. काही जणांची मतं मला अजिबात पटत नाहीत. पण दोन वह्या शेजारी ठेवून वाचायची सवय या सगळ्यांना आहे, म्हणून प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो.

सुरुवात एका शब्दापासून करू: चटई. ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ हा शब्द मुंबईकराच्या तोंडी इतका बसला आहे की त्यातली गंमत आता कुणाला जाणवत नाही. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, तो हा आकडा. एक हजार चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक २ असेल, तर सगळ्या मजल्यांचं मिळून दोन हजार चौरस मीटर बांधकाम. भाषांतरकाराने इंग्रजीतल्या ‘फ्लोअर’लाही चटई म्हटलं आणि ‘कार्पेट’लाही, त्यामुळे फ्लॅट घेणारा माणूस कुठल्या चटईबद्दल बोलणं चाललंय या गोंधळात राहतो. बिल्डर राहत नाही.

हा निर्देशांक मुंबईत आला १९६४च्या विकास आराखड्याबरोबर. गर्दी आटोक्यात ठेवायची, हा हेतू. १९९१च्या नियमावलीत शहरात १.३३ आणि उपनगरांत १ असे आकडे ठरले. कागदोपत्री मूळ आकडे आजही फारसे बदललेले नाहीत, आणि तरीही चाळीस-पन्नास मजली इमारती उभ्या आहेत. मूळ निर्देशांकावर वाढीव निर्देशांक, अधिमूल्य भरून मिळणारा निर्देशांक, जमीन दिल्याच्या मोबदल्यात मिळणारा हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर, उपकरप्राप्त म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास केला म्हणून बक्षीस, झोपडपट्टी हटवून घरं बांधली म्हणून बक्षीस, अशी भर पडत जाते. गर्दी आवरायला आणलेला आकडा हळूहळू चलन झाला. सरकारला बागेसाठी जमीन हवी आहे आणि तिजोरीत पैसे नाहीत? निर्देशांक द्या. चाळ पडायला आली आहे? निर्देशांक द्या. नोटा छापायला रिझर्व्ह बँक लागते, ही नोट मात्र राज्याचं नगरविकास खातं एका अधिसूचनेने छापतं.

नोट छापली की महागाई होते, हे सगळ्यांना माहीत असतं. इथे महागाई कुठे दिसते? रस्त्यावर, नळाला, गटारात आणि स्टेशनच्या जिन्यावर. रस्त्याची रुंदी जुनीच राहते. १९९१च्या नियमांत टीडीआर वापरताना एक मेख होती. हक्क जिथे निर्माण झाला तिथून उत्तरेकडे तो नेता येई. दक्षिणेच्या बेटावर वापरता येत नसे. कागदावर हे शहाणपणाचं होतं, जुन्या शहरावरचा भार वाढू नये म्हणून. पण त्यामुळे खार, पार्ले, अंधेरीच्या गल्ल्यांत दोन मजली बंगल्यांच्या जागी सात मजले आले आणि गल्ली होती तेवढीच राहिली. पार्ल्यातले माझे एक स्नेही म्हणतात, आमच्या गल्लीत इमारती उंच झाल्या आणि आभाळ अरुंद झालं. वाहनतळाचे मजले निर्देशांकात धरत नाहीत, म्हणून गाड्यांना मजलेच्या मजले मिळाले. माणसाच्या चटईवर मोजपट्टी, गाडीच्या चटईला माफी.

या चलनाचा दर किती असावा, यावर दोन जाणत्या माणसांनी बाजू घेतल्या. शहरी अर्थव्यवहाराचे अभ्यासक अलां बर्तो, जागतिक बँकेत दीर्घकाळ काम केलेले, त्यांचं म्हणणं असं की जगातल्या मोठ्या शहरांच्या मानाने मुंबईने निर्देशांक अतिशय कमी ठेवला, पुरवठा आवळला, म्हणून घरं महागली आणि शहर लांब पसरत गेलं. दुसऱ्या बाजूला स्थापत्य अभियंते शिरीष पटेल. त्यांचं म्हणणं साधं आणि अडचणीचं होतं: निर्देशांक बांधकाम मोजतो, माणसं मोजत नाही. त्याच दोन हजार चौरस मीटरमध्ये चाळीस चौरस मीटरची पन्नास घरं होतात आणि दोनशे चौरस मीटरची दहा. निर्देशांक तोच, पण खाली फुटपाथवर उतरणाऱ्या माणसांची संख्या पाचपट. शिवाय परदेशी शहरांच्या निर्देशांकाशी तुलना करताना तिथे एका माणसाच्या वाट्याला किती रस्ता आणि किती मोकळी जागा येते हे सोडून द्यायचं, ही त्यांच्या मते लबाडी होती.

मला विचाराल तर बर्तो यांचं निदान अर्धं खरं आहे. पुरवठा आवळला की भाव चढतो, यात वाद नाही. पण त्यांच्या औषधाचा मुंबईत जो काढा झाला, त्यात निर्देशांक सढळ दिला गेला आणि तो मोठ्या घरांत गेला. आकडा जनगणनेतला आहे: मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटाची, लोकसंख्या २००१ साली ३३ लाखांवर होती, २०११ साली ती ३१ लाखांच्या आत आली. याच दहा वर्षांत परळ-वरळीत टॉवर उगवत होते. बांधकाम वाढलं, माणसं घटली. आणि शेजारच्या ठाणे जिल्ह्यात त्याच काळात लोकसंख्या तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक वाढून एक कोटी दहा लाखांपुढे गेली. तो देशातला सर्वांत मोठा जिल्हा ठरला, आणि २०१४ साली त्याचे दोन करावे लागले. बेटावरून घटलेली सगळी माणसं ठाण्यातच गेली असं नाही, पण ओघ कुठल्या दिशेला आहे हे समजायला एवढं पुरे. आमच्या वडिलांनी वाहिलेली ती महिरप लाखो घरांत पोहोचली.

सरकारने घरं नेहमीच अशी हवेतल्या चलनावर बांधली, असं मात्र नाही. १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला आणि दोन वर्षांत सुधार न्यास, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. प्लेग कोंदट वस्तीमुळे होतो या समजुतीने न्यासाने वस्त्या पाडल्या, पाडलं जास्त आणि बांधलं कमी, आणि त्याबद्दल त्या काळीही त्याला शिव्या बसल्या. पण न्यासाने दादर-माटुंगा आधी आखलं, रस्ते काढले, बागा सोडल्या आणि मग प्लॉट दिले. आज ज्या हिंदू कॉलनीतून फिरताना आपल्याला बरं वाटतं ती या क्रमाची पुण्याई आहे. न्यासाच्या बीआयटी चाळी अजून उभ्या आहेत. परळच्या तशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसहून अधिक वर्षं राहिले.

त्यानंतर १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी विकास खातं काढलं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी बांधायला घेतल्या. पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात बसवली. म्हणजे ज्या धंद्याने कामगार आणले त्याच धंद्याकडून घराचा पैसा. कल्पना चांगली. पण एकशे साठ चौरस फुटांच्या त्या काँक्रीटच्या खोल्या सुरुवातीला कितीतरी रिकाम्या राहिल्या. भाडं कामगाराला परवडेना, आणि तेव्हाची वरळी गिरणीपासून लांब वाटे. महिरप पुसल्याचा हा बहुधा पहिला सरकारी दाखला. नंतर त्याच खोल्यांत तीन-तीन पिढ्या दाटीने राहिल्या, त्यांच्या गणेशोत्सवाने, क्रिकेटने आणि संपांनी मुंबईचा इतिहास घडला. आता त्या चाळींच्या जागी टॉवर येत आहेत. वरळीतल्या पहिल्या साडेपाचशे रहिवाशांना ऑगस्ट २०२५मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकशे साठाचे पाचशे झाले, ही लहान गोष्ट नाही, आणि तिची थट्टा करणाऱ्यांनी सार्वजनिक संडासाच्या रांगेत एक पावसाळा काढावा.

भाडेनियंत्रणाचं प्रकरण तर पुस्तकाच्या पुस्तक होईल. १९४७च्या कायद्याने भाडं १९४०च्या सप्टेंबरातल्या पातळीवर गोठवलं. युद्धाच्या टंचाईत घरमालकांनी चालवलेल्या लुटीवर तो उपाय होता, काही वर्षांपुरता. तो अर्धशतक टिकला. भाड्यात दुरुस्तीचा चुनाही येईना, म्हणून मालकाने हात काढले. भाडेकरूने खोली विकता येत नाही म्हणून तिची पागडी घेतली, आणि तिचा एक वाटा मालकाने. दोघांनी मिळून कायद्याभोवती एक समांतर बाजार उभा केला. इमारती पडू लागल्या तेव्हा सरकारने १९६९ साली कायदा करून दुरुस्तीसाठी उपकर बसवला आणि दुरुस्ती मंडळ नेमलं. तेव्हा अशा इमारती साडेएकोणीस हजारांवर होत्या. दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते, रहिवाशांना नोटीस जाते आणि ते हलत नाहीत. का हलत नाहीत, असं वृत्तवाहिन्यांवरची मुलं विचारतात. संक्रमण शिबिरात गेलेली माणसं तिथेच म्हातारी झालेली त्यांनी पाहिली आहेत, म्हणून हलत नाहीत.

झोपडपट्टीच्या प्रश्नात न्यायालयाने एकदा महिरप काढली होती. १९८१ साली भर पावसाळ्यात पदपथावरच्या लोकांना उचलून बसमध्ये घालून शहराबाहेर सोडण्याचा निर्णय झाला. त्यावर पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. १९८५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. ही माणसं पदपथावर राहतात कारण काम तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. निकालाने त्यांना पदपथावर राहायचा अधिकार दिला नाही, नोटीस देऊन हटवायला मुभा ठेवली, आणि पुढच्या सरकारांनी तेवढाच भाग लक्षात ठेवला. पण घराचं ठिकाण म्हणजे कामापासूनचं अंतर, ही गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवली आहे, हे विसरू नये.

१९९५ साली चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घर द्यायची घोषणा झाली आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं. योजना चतुर आहे. झोपडीवाल्याला घर फुकट, सरकारला खर्च शून्य, बिल्डरला मोकळ्या झालेल्या जागेवर विक्रीची इमारत. तीन दशकांत त्या घोषणेच्या निम्म्यालाही पोहोचता आलेलं नाही. कारण योजनेच्या पोटातच आहे: जिथे विक्रीच्या फ्लॅटला भाव, तिथेच बिल्डरला रस. आणि मधे ‘पात्र-अपात्र’ची चाळणी. एका तारखेआधीचा पुरावा असलेला पात्र, नंतर आलेला अपात्र. तारीख आधी १९९५, मग २०००, मग पैसे भरून २०११. त्या तारखांमध्ये माणसांचं आयुष्य फोटोपास आणि वीजबिलाच्या झेरॉक्सवर तोललं गेलं.

पुनर्वसनाच्या इमारती कुठे झाल्या, तेही पाहा. रूळांच्या कडेच्या आणि रस्तारुंदीत गेलेल्या हजारो कुटुंबांना मानखुर्द, गोवंडी, वाशी नाका इथे नेलं. इमारतींमधलं अंतर इतकं कमी की खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींतल्या अभ्यासाने उजेड-वाऱ्याचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवला. ज्या शहरात प्लेगच्या धास्तीने १८९८ साली ‘हवा आणि उजेड’ या दोन शब्दांसाठी एक न्यास स्थापन झाला, त्याच शहराने शंभर वर्षांनी सरकारी परवानगीने हे बांधलं. या वाक्यापुढे मला काही सुचत नाही.

महिरप मुद्दाम काढायचा एक मोठा प्रयत्न मात्र झाला. १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. शहर उत्तरेकडे सुतासारखं लांबत चाललं आहे, सगळी कामं दक्षिणेच्या टोकाला आणि घरं उत्तरेला, रोज सकाळी सगळी वाहतूक एकाच दिशेला. त्याऐवजी पूर्वेला वळा आणि कामं तिथे न्या, असं ते सांगणं होतं. ते शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवायला १९७० साली सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. सरकारने जमीन घेतली, पण स्वतःचं बिऱ्हाड हलवलं नाही. मंत्रालय होतं तिथेच राहिलं आणि त्याच सुमारास त्याच्या पुढ्यातल्या समुद्रात भर घालून नरिमन पॉइंट उभा राहिला. कामं पुन्हा दक्षिणेलाच. मानखुर्दहून वाशीला लोकल गेली ती १९९२ साली, म्हणजे शहर काढल्यावर बावीस वर्षांनी, आणि तीही सिडकोने दोन तृतीयांश खर्च उचलला तेव्हा. यातली दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. जमीन विकून आलेल्या पैशातून लोकल आणायची: घराच्या वहीतून पासाच्या वहीत पैसे गेल्याचं आपल्याकडचं हे दुर्मिळ उदाहरण.

पण या सुंदर नकाशाखाली पंचाण्णव गावं होती. भातखाचरं आणि मिठागरं होती. आगरी-कोळी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण त्या रक्तातून आलं. नियोजनकारांच्या लेखांत नव्या मुंबईची गोष्ट १९६५पासून सुरू होते. उरण तालुक्यातल्या जासईत विचाराल तर ती १९८४पासून सुरू होते. पुस्तकात दोन्ही गोष्टी आहेत, आणि दुसरी आधी वाचावी अशी माझी शिफारस आहे.

वह्या वेगळ्या ठेवल्याची किंमत एका जिन्यावर मोजायची असेल तर एल्फिन्स्टन रोडचा जिना. १९८२च्या संपानंतर गिरण्या आजारी पडल्या, बंद झाल्या. मुंबईच्या मध्यावर सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१च्या नियमावलीत कलम ५८ आलं: जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. २००१ साली एका दुरुस्तीने वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली; शेड पाडून मोकळी झालेली जमीन मालकाची. शहराचा वाटा चिमूटभर झाला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. मग तिथे काचेच्या इमारती आल्या आणि हजारो नोकऱ्या आल्या. त्या नोकऱ्यांवरची माणसं डोंबिवली, विरार, पनवेलहून येत आणि परळ व एल्फिन्स्टन रोड या गिरणीच्या काळातल्या स्टेशनांवर उतरत. २९ सप्टेंबर २०१७ची सकाळ, दसऱ्याचा आदला दिवस, अचानक आलेला पाऊस, अरुंद पुलाच्या जिन्यावर आडोशाला थांबलेली माणसं. चेंगराचेंगरीत तेवीस जण गेले. नवा पूल नंतर लष्कराने काही महिन्यांत बांधला. निर्देशांक वाटताना गिरणीच्या जमिनीची इंच-इंच मोजणी झाली होती. जिन्याची रुंदी त्या फाइलीत कुणाचाच विषय नव्हती.

आणि ज्यांनी त्या गिरण्या चालवल्या त्या कामगारांना आता घरं देऊ केली जात आहेत बदलापूरच्याही पुढे, शेलू आणि वांगणीला. कामगार त्याविरुद्ध आझाद मैदानात जमले तेव्हा काही शहाण्यांनी विचारलं, फुकटासारखं घर मिळतंय तर तक्रार कसली?

वाहतुकीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथला अन्याय इतका उघड आहे की समजवावा लागत नाही. १९६० नंतर अमेरिकन सल्लागारांनी मुंबईला द्रुतगती रस्ते सुचवले. नव्वदच्या दशकाअखेर पन्नासच्या आसपास उड्डाणपुलांची योजना आली. मग वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली, अटल सेतू आणि सागरी किनारा रस्ता २०२४ साली. शेवटच्या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे. मुंबईत रोज होणाऱ्या फेऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त पायी होतात, असं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्याच २००८च्या अभ्यासात आहे. उरलेल्यांचा मोठा भाग लोकल आणि बसचा. त्या बसचं काय झालं? बेस्टकडे एकेकाळी चार हजारांहून जास्त गाड्या होत्या, आता तीन हजारही नाहीत. दहा किलोमीटरच्या किनारी रस्त्यावर तेरा-चौदा हजार कोटी खर्च करणारी महापालिका बेस्टची तूट निघाली की हात आखडते. लोकलमधून पडून आणि रूळ ओलांडताना दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात; जून २०२५मध्ये मुंब्र्याच्या वळणावर माणसं पडली तेव्हा चार दिवस चर्चा झाली. वांद्रे-कुर्ला संकुल हे दक्षिणेचा भार हलका करायला आखलेलं कार्यालयांचं केंद्र. तिथे पहिलं रेल्वेसदृश स्टेशन आलं ऑक्टोबर २०२४मध्ये, मेट्रोचं. तोवर दोन पिढ्यांनी वांद्र्याहून आणि कुर्ल्याहून शेअर रिक्षाच्या रांगा लावल्या. मेट्रोचं मी स्वागतच करतो, आरेत कारशेडसाठी तोडलेल्या झाडांबद्दलची हळहळ मनात ठेवून. पण ती येण्याआधीच स्टेशनभोवतीच्या जमिनीचा भाव चढला आणि त्या चढलेल्या भावातला फार थोडा वाटा मेट्रोच्या वहीत आला.

या सगळ्यात आपण कुठे असतो? २०१५च्या फेब्रुवारीत विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. काही स्टेशनांभोवती ८ पर्यंत निर्देशांक, आरेच्या जंगलात विकासाला वाव, आणि चुका इतक्या की लोकांनी आपली देवळं आणि शाळा नकाशात शोधल्या तर सापडेनात. हजारो हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा रद्द केला. वस्तीवस्तीत नकाशे घेऊन बसणाऱ्या कार्यकर्त्यांचं हे यश होतं. नवा आराखडा २०१८ साली मंजूर झाला. लढणाऱ्यांना मी मानतो, पण आपण मध्यमवर्गीय हरकत कशाला घेतो तेही प्रामाणिकपणे पाहायला हवं. आपल्या घरासमोर पुनर्वसनाची इमारत नको, फेरीवाला नको, बसथांबा गेटसमोर नको; आपल्या सोसायटीला मात्र जास्तीत जास्त चटई हवी.

हे मी बाहेरून बोलत नाही. गिरगावातली आमची चाळ काही वर्षांपूर्वी पाडली. सभांना मी जात होतो, खोलीवर काकांबरोबर वडिलांचंही नाव होतं म्हणून. सहा सभा झाल्या. वाढीव क्षेत्र किती, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ, देवघराला जागा सुटेल का, यावर घसा बसेपर्यंत भांडणं झाली. मीही भांडलो. विक्रीच्या टॉवरमध्ये किती कुटुंबं येणार, किती गाड्या येणार आणि त्या मागच्या गल्लीतून कशा बाहेर पडणार, हे सहा सभांत कुणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि तेव्हा मी या विषयावर वीस वर्षं लिहीत होतो. चुलतभावाला घर मिळालं, छान आहे. मेंटेनन्स झेपेना म्हणून त्याने ते भाड्याने दिलं आहे आणि तो स्वतः बदलापूरला राहतो. सकाळी सहा चाळीसची गाडी पकडतो.

तेव्हा वाचकहो, पुस्तक वाचून ठेवून देऊ नका. तुमच्या इमारतीची पुनर्विकासाची सभा आज ना उद्या होणारच आहे. तिथे वाढीव चटईचा प्रश्न जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण त्यानंतर उभं राहून आणखी दोन प्रश्न विचारा: इथे एकूण किती माणसं राहायला येणार आणि ती सकाळी कशाने जाणार? सेक्रेटरी कुरकुर करतील, बिल्डरचा माणूस हसेल. उत्तर मिळालं नाही तर प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा, आणि लिहिल्याशिवाय सही करू नका.